एकोणीस एक आणि पुण्याहून येणारी पॅसेंजर

शेलूच्या फलाटावर उभे आहात ना? कर्जत लोकल नुकतीच गेली, समोर उंच इमारतींच्या रांगा, कानात कुणाच्या तरी रीलचा आवाज. ठीक आहे. आता मोबाइल बंद करा आणि पिशवीत टाका. जिथे निघालो आहोत तिथे त्यातला कॅल्क्युलेटर चालणार नाही, आणि चालला तरी मी तो चालू देणार नाही. घड्याळही काढा. शंभरेक वर्षं मागे जायचं आहे आणि संध्याकाळपर्यंत डोंबिवली गाठायची आहे. मिटा डोळे.

आधी जाणवतं ते ऊन. इमारती गेल्या त्याबरोबर त्यांची सावलीही गेली. फलाट पायाखालून निसटला आणि तुम्ही ढेकळांत ठेचकाळलात. वैशाख आहे. नाकात धूर शिरतो, डोळे चुरचुरतात. घाबरू नका, कुणीतरी राब भाजलाय. भाताची रोपं टाकायची तिथे पालापाचोळा आणि शेण पसरून पेटवून दिलंय आणि त्याचा कडवट वास तुमच्या सदऱ्यात आता दिवसभर राहणार. उल्हास नदी डोहांपुरती उरली आहे आणि त्या डोहांत म्हशी मान तेवढी वर काढून बसल्या आहेत. माथेरानचा डोंगर मात्र होता तिथेच आहे.

इथे गाडी थांबेल म्हणून वाट बघत बसू नका. रुळांच्या कडेकडेने नेरळपर्यंत चाला, तासाभराची वाट आहे. डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली एक कातकरी बाई तुम्हाला मागे टाकून जाते आणि जाताना एकदा वळून तुमच्या चालीकडे बघते. ठाकरांची पोरं पानांच्या द्रोणात करवंदं विकतायत. घ्या. जीभ जांभळी होईल, ओठांना चीक लागेल, आणि पहिल्या मुठीत किमान दोन तरी आंबट निघतील.

नेरळला एकच गलका. माथेरानच्या छोट्या गाडीभोवती साहेबांच्या पत्र्याच्या ट्रंका, हमाल, घोडेवाले, लिदीचा वास, ‘बाजू, बाजू’ची हाळी. आपल्याला वर जायचं नाही. बाजारातल्या वाण्याकडे चला आणि एक दगडी पाटी घ्या, लाकडी चौकटीची. पेन्सिलीचा तुकडा फुकट मागा, कुरकुरत देईल. तुमच्या आधी एक गिऱ्हाईक आहे: सतरा नारळ, सव्वा आण्याला एक. तुम्ही अजून बोटं मोजताय तोवर वाण्याने सवायकी म्हटली, सव्वाएकवीस आणे केले, सोळा आण्यांचा रुपया वेगळा काढला आणि ‘एक रुपया सव्वापाच आणे’ म्हणून नारळ उचलायलाही लावले. कागद नाही, पेन्सिल नाही. गणित इथे तोंडात असतं, आणि ते तसंच असतं म्हणून पुढचं सगळं शक्य होतं, असं माझं मत आहे.

गाडी आली. बोरघाट उतरून, कर्जतला दम खाऊन आलेली पुण्याची पॅसेंजर. या मार्गावर विजेची इंजिनं यायला १९२९ उजाडावं लागेल. तोवर कोळसा. खिडकीतून डोकं बाहेर काढू नका, डोळ्यांत कण जाईल. गेला? सांगितलं होतं. तिसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकावर चौघांच्या जागेत सहा जण, सातवे तुम्ही. कुणाच्या तरी मांडीवर फणस, पायाशी पाय बांधलेल्या कोंबड्या, वर फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या. विडीचा धूर, घाम, आणि मागच्या बाकावर रडून रडून झोपलेलं एक पोर.

समोर एक आजोबा नातवाकडून परवचा म्हणवून घेतायत. सुट्टी असली म्हणून काय झालं? पोरगा खिडकीबाहेरच्या खांबांच्या तालावर म्हणतो: एकोणीस एके एकोणीस, एकोणीस दुणे अडतीस, एकोणीस त्रिक सत्तावन्न. हे ‘एकोणीस दुणे अडतीस’ लक्षात ठेवा. डोंबिवलीला लागेल.

कल्याणला गाडी बराच वेळ उभी राहते. ‘हिंदू पाणी’, ‘मुसलमान पाणी’ अशा हाका. तहान एकच, हंडे वेगळे. इथे नाशिककडची आणि पुण्याकडची अशा दोन वाटा एकत्र येतात. पाटीवर ९१ लिहा आणि त्यात त्याचेच अंक मिळवा: ९१ अधिक ९ अधिक १, झाले १०१. आता १०० घ्या, त्यात त्याचे अंक मिळवा, पुन्हा १०१. दोन वेगळ्या वाटांनी येऊन एका जागी भेटणाऱ्या अशा संख्येला पुढे एक माणूस ‘जंक्शन’ म्हणणार आहे. तो माणूस आपल्याला पुढच्या थोड्या स्टेशनांवर दिसेल.

उतरा. हीच डोंबिवली. चेंगराचेंगरी नाही, कुणी मागून ढकलत नाही, पुलावर चढायला रांग नाही. हे बघून तुमच्या डोळ्यांत पाणी आलं तर ते कोळशाच्या कणामुळे आलं असं म्हणा. खाचरं, विहिरी, चिंचा, थोडी कौलारू घरं. आणि फलाटावर, बाकाच्या कडेला, हा एक तरुण. कागदाच्या कपट्यावर काहीतरी लिहितोय. नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणूचा. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. पुढे १९३० पासून देवळालीच्या शाळेत मास्तर होईल, पदरचे पैसे घालून छोटी छोटी पुस्तकं छापेल, मोठे गणिती त्याला पोरखेळ म्हणून हसतील, आणि मग १९७५ मध्ये अमेरिकेत गणिताचे लोकप्रिय लेखक मार्टिन गार्डनर त्याच्यावर लिहितील तेव्हा जगभर त्याने शोधलेल्या ६१७४ या संख्येचा गवगवा होईल. ते सगळं लांब आहे. आत्ता तो गाडीची वाट बघत आकडे मांडतोय. त्या आकड्यांतून निघालेल्या संख्यांना त्याने पुढे नाव दिलं ते या स्थानकाचं, डेम्लो, म्हणजे तेव्हाची डोंबिवली. त्याला हाक मारू नका. त्याच्या कामात तुम्ही-मी खोडा घालायला इथवर आलो नाही. शेजारच्या बाकावर बसा आणि पाटी पुसा, थुंकी नको, फडक्याने.

लिहा: ११ गुणिले ११. आलं १२१. आता १११ चा वर्ग: १२३२१. मग ११११ चा: १२३४३२१. चढण आणि उतार. मधला अंक झाका आणि दोन्ही बाजू मिळवा. १२३ आणि ३२१, बेरीज ४४४, आणि मधे बसलाय तो ४. १२३२१ मध्येही तेच, १२ आणि २१ मिळून ३३, मधे ३. डेम्लो संख्येची खूण हीच: दोन टोकांची बेरीज केली की मधल्या अंकाच्याच रांगा उभ्या राहतात. नऊ एक घेतलेत तर १२३४५६७८९८७६५४३२१. इथवर डोंगर सुबक.

दहाव्या एकाला हातचा येतो आणि शिखर ढासळतं. १२३४५६७९००९८७६५४३२१. आठ गायब, मधे दोन शून्यं. बहुतेक जण इथे पाटी खाली ठेवतात. तुम्ही ठेवू नका.

तो तरुण वर्गात रमलाय. आपण थोडा वेळ वर्ग सोडून नुसत्या एकांकडे बघू. एकापुढे एक मांडत चला आणि विचारा, हिला कशाने भाग जातो? सहा एक मांडले तर दोन-दोनच्या जोड्या करा, ११ ने भाग गेला. तीन-तीनचे गट करा, १११ नेही गेला. म्हणजे एकांची मोजणीच जर फुटणारी असेल तर संख्या फुटलीच. उरतात ते मूळ मोजणीचे: तीन, पाच, सात, अकरा. पेन्सिल कुरकुरू द्या. १११ म्हणजे तीन सदतीस. पाच एक म्हणजे ४१ गुणिले २७१. सात एक म्हणजे २३९ गुणिले ४६४९. हे हाताला लागतंय तोवर ठीक. अकरा एक म्हणजे २१६४९ गुणिले ५१३२३९, इथे घाम फुटतो. तेरा एक त्या मानाने गरीब, ५३ ने आणि ७९ ने भाग जातो. सतरा एक पाहिले तर भागणारी सगळ्यात लहान मूळ संख्या २०७१७२३. तिथवर पोचेपर्यंत पाटी झिजेल.

मग येतात एकोणीस एक.

१११११११११११११११११११. पाटीच्या एका ओळीत मावत नाहीत, शेवटचे दोन चौकटीवर जातात. वाचूनही बघा. एकं, दहं, शतं, सहस्र म्हणत चढा. भास्कराचार्यांच्या लीलावतीतली स्थानं परार्धाला संपतात आणि तो अठरावा. आपला एकोणिसावा एक परार्धाच्याही पलीकडे उभा आहे.

हिला कशाने भाग जातो? आता तो परवचा आठवा. एकोणीस दुणे अडतीस. एकोणीस एकांना भागणारी मूळ संख्या कुठलीही असो, तिला ३८ ने भागलं की बाकी एकच उरली पाहिजे. हा नियम आहे. आधीच्या संख्यांवर पडताळा: पाचाच्या दुपटीने, म्हणजे दहाने, ४१ ला भागा, बाकी १, २७१ ला भागा, बाकी १. तेराच्या दुपटीने ५३ ला भागा, बाकी १. तेव्हा आपल्याला वाटेल ती संख्या घेऊन बसायला नको. १९१ घ्या. मग २२९. मग ४१९, ४५७, ५७१. एकेक भागाकार पाटीभर. ऊन कलायला लागलंय, फलाटाचा दगड अजून तापलेला, डास सुरू झाले. बाकी उरते. पुन्हा बाकी उरते. आणि हे कुठवर? वर्गमुळापर्यंत, म्हणजे १०५ कोटींच्या आसपास. अडतिशीच्या उड्या मारत गेलात तरी लाखो भागाकार. गाडी येईल, जाईल, हा तरुण म्हातारा होईल, डोंबिवलीला पूल होतील, तुम्ही आपले बाकावर.

म्हणून शेजारी बघायचं. संख्येकडे नव्हे, तिच्या अलीकडच्या संख्येकडे. एक कमी करा: शेवटच्या एकाचं शून्य झालं, म्हणजे अठरा एक गुणिले दहा. आणि अठरा एक ही तर अगदी भोळी संख्या! तिचे तुकडे पाटीवर मावतात: दोनदा ३, मग ७, ११, १३, १९, ३७, ५२५७९ आणि ३३३६६७. एखाद्या संख्येच्या अलीकडच्या शेजाऱ्याचे सगळे तुकडे हातात असले तर ती मूळ आहे की नाही हे लाखो भागाकार न करता सिद्ध करता येतं, ही वाट फ्रान्सच्या एद्वार ल्युका यांनी एकोणिसाव्या शतकात दाखवली. न फुटणाऱ्या संख्येचं गुपित फुटणाऱ्या शेजाऱ्याकडे असतं. गल्लीत राहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

तर ती मूळ आहे. एकोणीस एकांना कुणीही भागत नाही. न्यूयॉर्कच्या ऑस्कर हॉप्पे यांनी हे १९१६ मध्ये सिद्ध केलं, डोंबिवलीच्या या फलाटावर ती बातमी कुणाला ठाऊक असण्याचं कारण नाही. आणि चेहऱ्यावरून काही कळत नाही हेही बघून ठेवा. सतरा एक आणि एकोणीस एक, दिसायला सख्खी भावंडं. एक फुटतं, एक नाही.

आता तिचा एक चाळा. एकाला तिने भागा. शून्य, दशांश चिन्ह, मग अठरा शून्यं, मग एक नऊ, आणि पुन्हा अठरा शून्यं, पुन्हा नऊ, असं कायमचं. एकोणीस अंकांचं आवर्तन. ७ ने भागलं की १४२८५७ असं सहा अंकांचं आवर्तन येतं, ते शाळेत पाहिलं असेल. ३७ ने भागलं की ०२७, तीनाचं. पण मूळ संख्येने एकाला भागून बरोब्बर एकोणीस अंकांचं आवर्तन हवं असेल तर साऱ्या मूळ संख्यांत ही एकच आहे. दुसरी नाही, पुढे सापडणारही नाही.

आणि आता, तो तरुण करतोय तेच करा. तिचा वर्ग. पाटी आडवी धरा, दोन्ही बाजू वापरा. एकोणीस ओळी एकेक घर सरकवत मांडायच्या आणि उभ्या बेरजा करायच्या: एक, दोन, तीन, चढत एकोणीसपर्यंत, मग उतरत एकपर्यंत. अवघड काही नाही, हातचे तेवढे सांभाळा. उजवीकडून नवव्या घरापर्यंत बिनघोर. दहाव्यात शून्य, हातचा एक. अकराव्यात अकरा आणि एक बारा, मांडा दोन, हातचा एक. असं चालत एकोणिसाव्या घरात, शिखरावर: एकोणीस आणि हातचा एक, वीस, शून्य मांडा, हातचे दोन. विसाव्यात अठरा आणि दोन, पुन्हा वीस, पुन्हा शून्य. मग उतार. कुणीतरी रॉकेलचा दिवा लावला आहे, त्याच्या काचेवर पाखरं आपटतायत, तुमच्या मनगटापर्यंत पेन्सिलीची भुकटी. आलं:

१२३४५६७९०१२३४५६७९००९८७६५४३२०९८७६५४३२१

सदतीस अंक. डोंगर मोडलेला, आठ हरवलेले, सुबकपणा गेला. मधली दोन शून्यं शेजारी शेजारी दिसतायत? त्यांच्या मधोमध बोट ठेवा आणि संख्या चिरा. डावीकडे १२३४५६७९०१२३४५६७९०. उजवीकडे ०९८७६५४३२०९८७६५४३२१. त्यांची बेरीज करा. शून्य आणि एक, एक. नऊ आणि दोन अकरा, एक मांडा, हातचा एक. सात, तीन आणि हातचा, पुन्हा अकरा. सहा, चार आणि हातचा, अकरा. थांबू नका, शेवटपर्यंत जा.

१११११११११११११११११११.

मोजा हवं तर. एकोणीस.

जिला कशानेही भाग जात नाही, तिचा वर्ग मधोमध चिरून जोडला की तीच परत उभी राहते. ४५ चा वर्ग २०२५, आणि वीस अधिक पंचवीस पंचेचाळीस. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ अधिक २०९ पुन्हा २९७. अशा संख्यांना पुढे जग कापरेकर संख्या म्हणणार आहे, आणि आपली एकोणीस एकांची मूळ संख्या त्यातली एक निघाली. का? एकोणिसातून नवाचे गट काढा, उरतो एक. एकांची मोजणी एक, दहा, एकोणीस, अठ्ठावीस अशी नवाच्या पावलांनी पडली की हा खेळ जमतो. एकांच्या मूळ संख्या पुढेही आहेत: तीनशे सतरा एकांची मूळ निघाली १९७७ च्या सुमारास, एक हजार एकतीस एकांची १९८६ मध्ये, ज्या वर्षी कापरेकर गेले. दोन्ही या रीतीने चिरून बघा, जुळत नाहीत. नऊ काढले की तीनशे सतराला दोन उरतात, एक हजार एकतीसला पाच. ज्यांनी कापरेकरांच्या आकडेमोडीला पोरखेळ म्हटलं त्यांना हे भागाकाराच्या वाटेने कधी दिसलं नसतं. वर्ग चिरून बेरीज करायची बुद्धी व्हायला आधी खेळायची इच्छा लागते. कापरेकर स्वतः म्हणत की दारुड्याला जशी दारू, तसे त्यांना आकडे. एक झाला की पुढचा हवाच.

तुम्हालाही हवाय ना? घंटा झाली, पण ती मुंबईकडच्या गाडीची, आपली कर्जतची अजून यायची आहे. एकोणिसाच्या पुढे तेवीस एक. ती मूळ आहे की नाही हे आज कुणालाच माहीत नाही, १९२९ मध्ये ठरेल, आणि तुम्ही उत्तर कुठे वाचलं असेल तर त्या तरुणाला ऐकू जाईल असं बोलू नका. तेवीस दुणे सेहेचाळीस. सेहेचाळीसने भागून एक उरणारी पहिलीच संख्या सत्तेचाळीस, आणि ती मूळही आहे. तिच्यापासून सुरुवात करा. ती झाली की १३९, मग २७७.